तळव्याला हात

पोहण्याच्या तलावावर केस वाळवायच्या ड्रायरसाठी रांग होती. माझ्या पुढं दोघी बहिणी. थोरलीच्या केसांतून पाणी ठिबकत होतं, धाकटी तिला न्यायला आली होती.

"ताई, पोरांच्या टीमबरोबर पोहतेस, लाज नाही वाटत?"

"पहिले आठ दिवस वाटली. पण मोठ्यांना वेगळी लेन नाहीच मुळी. माझ्या मागं एक बारा वर्षांची चिमणी असते."

"वैतागत असेल बिचारी."

"अगं, इथं पद्धत आहे. मागच्याला पुढं जायचं असेल तर त्यानं पुढच्याच्या पायाच्या तळव्याला हात लावायचा. मग आपण भिंतीशी थांबून वाट द्यायची. सगळी पोरं लावतात. हिनं चार महिन्यांत एकदाही लावला नव्हता."

"का गं?"

"परवा कोचसरांनीही तिला तेच विचारलं, चांगलं ओरडून. तर म्हणाली, 'काकू खोल पाण्याला घाबरतात. मागं कोणी असलं की मध्येच थांबत नाहीत.'"

"आई गं! आणि तुला पत्ताच नाही?"

"मला वाटायचं, माझाच वेग वाढलाय! फार उपकार आहेत गं पोरीचे."

"मग आज एवढी खुशीत कशी?"

"आज तिनं हात लावला आणि सुसाट पुढं गेली. भिंतीशी थांबून मला म्हणाली, 'काकू, उद्यापासून एक आजोबा येतायत. तेही घाबरतात. तुम्ही त्यांच्या मागं राहाल?'"

"मग?"

"म्हटलं, राहीन की. पण जमायचं कसं गं? इतकं हळू पोहायची सवयच राहिली नाही मला!"