फिरत्या गेटमधून गेलेली अठराशे बारा माणसे

जबाब देणारीचे नाव नोंदवहीत वेगळे घेतले आहे. कामावर सगळे मावशी म्हणतात. वय ५६ वर्षे. व्यवसाय नोकरी, प्रदर्शन भवनाच्या दारावर तिकिटे तपासणे, बावीस वर्षे. राहणार भवनामागील कर्मचारी वसाहत, खोली क्रमांक ३. सोबत थोरली बहीण राहते.

मी स्वतः ठाण्यात येऊन, विचारल्यावरून सांगते की, आज बुधवारी दुपारी सव्वाचारला दारावरचे फिरते गेट, म्हणजे आत जाणारी माणसे मोजणारे मशीन, मी फोडले. आमच्या व्यवस्थापक साहेबांनी तक्रारीत 'प्रेक्षकांच्या रेट्यामुळे मोडले' असे लिहिले आहे. ते साफ खोटे आहे. त्या वेळी आत तीन माणसे होती, आणि त्यातला एकजण पंख्याखाली बसायला आला होता.

जगभरातील वाद्यांचे हे प्रदर्शन सरकारी अनुदानावर भरले आहे. दोन महिन्यांत वीस हजार प्रेक्षक आले पाहिजेत, नाहीतर पुढच्या वर्षीचे अनुदान बंद, अशी अट होती. शेवटचा आठवडा उरला तेव्हा सात हजार कमी पडत होते. तिकीट महाग, वाद्ये काचेत, हात लावायचा नाही, ऐकायला काही नाही. कोण कशाला येईल?

भवनाच्या तळमजल्यावर एक छोटी खोली आहे. दर बुधवारी चार वाजता तिथे आठ-नऊ जण गायला बसतात. सगळे अर्धांगवायूचा झटका येऊन वाचा गेलेले. त्यांना गाण्याच्या बाई शिकवतात. माझी ताई त्यात आहे. तिला पाणी मागता येत नाही, माझे नाव घेता येत नाही, पण अख्खे गाणे शब्दांसकट म्हणता येते. डॉक्टर म्हणाले, असे होते. आठवड्यातून एक तास मला तिचा आवाज ऐकू येतो. खोलीला पायरी नाही, म्हणून ही माणसे येऊ शकतात.

साहेबांनी आम्हा सात कर्मचाऱ्यांना बोलावून सांगितले, "आकडा झाला नाही, तर आधी ती गाण्याची खोली बंद करावी लागेल. मावशी, तुम्हीच बघा काय ते." मग भवन उघडण्याआधी, सकाळी आठ ते साडेनऊ, आम्ही गेटमधून आत आणि बाजूच्या दाराने बाहेर अशा फेऱ्या मारल्या. आमच्यातला रंगारी दर फेरीला टोपी बदलायचा. मी म्हटले, "अरे शहाण्या, मशीनला टोपी दिसत नाही!" सहा सकाळी मिळून मी एकटी अठराशे बारा माणसे झाले. गुडघ्यांनी दावा मांडला होता, तरी चालले. मला कोणी जबरदस्ती केली नाही, हेही लिहून घ्यावे.

आकडा वीस हजारांच्या वर गेला. पेपरात फोटो आला. लोकाग्रहास्तव म्हणून मुदत वाढवली. कोणते लोक, ते मला ठाऊक आहे. सांस्कृतिक खात्याने खूश होऊन पुढच्या वर्षीचे अनुदान दुप्पट केले आणि आदेश पाठवला की, एवढ्या गर्दीसाठी सामान ठेवायला तळमजल्यावरची छोटी खोली मोकळी करावी. गाणाऱ्यांना दुसरा मजला दिला आहे. लिफ्ट नाही.

मी साहेबांकडे गेले. म्हटले, "साहेब, गर्दी नाहीच आहे, तुम्हाला माहीत आहे. तसं वर कळवा ना." ते म्हणाले, "कसं कळवू? आकडे गेलेत. आता नाही म्हटलं तर तुमची-माझी दोघांची नोकरी जाईल." चहा घेणार का, असेही विचारले. माझे डोके फिरले, पण मी तशीच बाहेर आले.

आज चार वाजता ताईला नेहमीप्रमाणे हात धरून नेले. आजच कुलूप लागेल हे मला कोणी सांगितले नव्हते. दारावर 'सामान घर' अशी पाटी होती. ताईने दार ढकलून पाहिले. मग माझ्याकडे वळून तिने हाताने विचारले, कोणी? मी साहेबांच्या खोलीकडे बोट दाखवणार होते. पण तिच्याशी मी आजवर खोटे बोललेले नाही. मी स्वतःकडे बोट केले. ती माझ्याकडे बघत राहिली. मला तेव्हा रडू आले, आणि रागही आला.

मग मी माळ्याची लोखंडी पहार उचलली आणि गेटवर घातली. पाच-सहा घाव घातले असतील. प्रत्येक घावाला दांडा फिरत होता. बंद पडेपर्यंत त्याने आणखी चार माणसे मोजली.

नुकसान माझ्या नावावर लिहावे. ठाण्यातले साहेब म्हणाले की प्रेक्षकांचे आकडे हा या तक्रारीचा विषय नाही. माझा विषय तोच आहे, म्हणून तो या कागदावर राहू द्यावा.

हवालदारांनी वरील मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो लिहिला आहे. ताई बाहेर बाकावर बसली आहे. भवनातून निघाल्यापासून तिने माझा हात धरलेला नाही.