तक्त्यातलं पाणी

नाही, पण मला सांगा, जिचं कंबरेचं हाड मोडून चार महिने झालेत, जिला एकटीनं उठायची सक्त मनाई आहे, तिच्या पाण्याचा जग पलंगापासून सात पावलांवर, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचा, ही अक्कल या वृद्धाश्रमात कुणाची? मोजलीत मी पावलं. जग काठोकाठ भरलेला, त्यावर झाकण, झाकणावर उपडा ग्लास, सगळं कसं चकचकीत, आणि पलंगावर माझी मोठी मावशी, ओठ इतके वाळलेले की बोलताना एकमेकांना चिकटतायत... आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा जगाचं काय घेऊन बसलीस. घरचेही हेच म्हणतात. कबूल, कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकते, फोन वाजला की आधी दोन पावलं मागे सरते आणि मग तो उचलते. पण तुम्हाला सांगते, मी घाबरट आहे, आंधळी नाही.

तर पलंगाच्या पायथ्याशी एक तक्ता लटकवलेला. मी कॉलेजात तीन वर्षं संख्याशास्त्र घासलंय, तक्ता दिसला की वाचल्याशिवाय राहवत नाही. आठ वाजता पाणी एक ग्लास, बरोबरची खूण, सही. दहा वाजता, खूण, सही. बारा, दोन, चार, सहा... सगळीकडे खूण, सगळीकडे सही. आणि घड्याळात वाजले होते किती, तर सकाळचे अकरा दहा. म्हणजे मावशी संध्याकाळचं पाणी सकाळीच पिऊन मोकळी. सहाच्या रकान्यात पुढे 'कूस बदलली, आजी आनंदी' असंही लिहिलेलं. मला वाटलं, आलोच आहोत तर उद्याची तब्येतही विचारून घ्यावी.

गेले मी व्यवस्थापक बाईंकडे. त्या हसल्या, ते त्यांचं साबण लावल्यासारखं हसू, म्हणाल्या, "अगं बाळा, सकाळीच एकदम भरून टाकलं की आमच्या मुलींना दिवसभर सेवेला वेळ मिळतो." मी म्हटलं, "मग त्या मुली आहेत कुठे?" तर म्हणतात, "खालच्या मजल्यावर. तिथले तक्ते भरतायत." आणि वर, "आपल्याकडे आजवर एकाही आजींची तक्रार नाही हं." आता तक्रार कशी येईल, तक्ता भरणारीच आजींच्या वतीनं आनंदी होत असेल तर?

परत वर आले, ग्लास भरला, म्हटलं, "मावशी, पी." दोन घोट घेतले आणि ग्लास बाजूला.

"पुरे. जास्त प्यायलं की जावं लागतं."

"मग जायचं की."

"कुणाबरोबर?"

लक्षात येतंय का तुमच्या? ही बाई तहान लागली तरी पीत नव्हती, का, तर कुणाला हाक मारायला नको. मी म्हटलं, "बेल आहे ना, वाजवायची." मावशीनं नुसतं वर बघितलं. मीही बघितलं. बेलचं बटण, वायरीसकट, पडद्याच्या दांडीला टांगलेलं, आणि गाठ कसली, निरगाठ. "मी म्हणे सारखी दाबते," मावशी म्हणाली, "कामात असतात गं बिचाऱ्या, आपण कशाला भंडावायचं." हे कोण बोलतंय? तीस वर्षं हॉस्पिटलात मेट्रन होती ती. हिच्या वॉर्डात बेल दुसऱ्यांदा वाजायच्या आत खाटेशी कुणीतरी उभं असायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्या कुणीतरीचं काही खरं नसायचं. मला रडू येणार होतं, पण राग आधी आला.

स्टुलावर चढले. स्टुलावर मला गरगरतं, तरी चढले, नखांनी गाठ सोडवली आणि बटण मावशीच्या मुठीत दिलं.

"दाब."

"नको गं."

"जायचंय ना तुला?"

"जायचं तर सकाळपासून आहे."

मीच नेलं असतं हो, पण डॉक्टरांनी बजावलंय, दोघींनी दोन्हीकडून धरल्याशिवाय उठवायचं नाही, आणि मी पडले एकटी. म्हटलं, दाब, कोण किती वेळानं येतं ते मी लिहिते, खऱ्या वेळेसकट. तक्त्याची मागची बाजू कोरी होती. घाबरट आहे मी, आंधळी नाही, आणि अक्षरही बरं आहे माझं.

दाबलं तिनं. दाराबाहेर लाल दिवा लागला. पाच मिनिटं, लिहिलं. नऊ मिनिटं, लिहिलं. मावशी म्हणाली, "राहू दे, गेली." म्हटलं, "काय गेली?" "लाज," म्हणाली, "इतका वेळ दिवा जळतोय माझ्या दारावर." मी म्हटलं, आज कुणी आल्याशिवाय मी इथून हलत नाही... आणि चौदाव्या मिनिटाला बाहेर खर्रर खर्रर आवाज, मी दचकले, अर्थातच, आणि दार उघडलं.

शेजारच्या खोलीतल्या आजी. पंच्याऐंशीच्या तरी असतील. वॉकर धरलेला, धाप लागलेली.

"काय हवंय? जेवणापर्यंत या मजल्यावर माझी पाळी असते. नंतर कोपऱ्यातले काका बघतात, पण त्यांना बेल ऐकू येत नाही."

मी म्हटलं, "मावशीला न्यायचंय. दोघी लागतात."

आजींनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, म्हणाल्या, "मग झालो की दोघी. फक्त त्याआधी मला धर आणि जरा खुर्चीत बसव."