मांजराच्या जागी

(जेलमधली भेटीची खोली. मधे जाळी. अलीकडे सुकन्या, पलीकडे तिचा नवरा हरिओम गुरुजी. दाराशी हवालदार केरबा.)

सुकन्या : ह्या बारीला बी न्हाई घेतलं. गेटवरच्या साहेबानं नाव वाचलं, मागचं पान वाचलं अन् पिशवीत परत टाकलं. म्हणले, सरकारशी भांडणाऱ्याचं पुस्तक आत चालत न्हाई.

हरिओम : अगं, स्टेशनमास्तरची गोष्ट आहे ती. तीही परदेशातली.

सुकन्या : मी बी तेच म्हणलं. तर म्हणले, आरोग्याचं आणा एखादं.

हरिओम : आपल्या घरात कुठलं आरोग्याचं? कपाटभर सगळी तसलीच. एकटा माणूस आणि समोर खोटं बोलणारं सरकार. तू म्हणायचीस, एवढं वाचून काय होणार हाय.

सुकन्या : काय होतंय ते दिसून राहिलंय की. जाळीच्या पलीकडं उभं हाय.

हवालदार : ताई, भांडण मागनं करा, टाइम थोडा हाय. मागल्या गुरुवारी गोष्ट सांगता सांगता तुमी त्या स्टेशनमास्तरला खोलीत बसवून गेल्ता. साहेबानं कागद म्होरं सरकवला. मंग?

सुकन्या : तुमी बी वाट बघून राहिलाव व्हय?

हवालदार : तर! गुरुजींना इचारलं तर म्हणत्यात, माझं अर्ध्यावरच ऱ्हायलं.

हरिओम : राहिलंच ना. पूल पडलाय आणि सरकार म्हणतंय, पूल धडधाकट आहे, गाडी सोड. हा म्हणतो, पूल नाही, मी बावटा दाखवत नाही. त्याला धरायला येतात, तिथं मी खूण घातली आणि आपल्या दारात जीप वाजली.

सुकन्या : खूण तशीच हाय. मुखेडच्या यष्टीचं तिकीट. मी काढलं न्हाई.

हरिओम : वकील काय म्हणतात?

सुकन्या : तेच. 'तलाव झालेला आहे, मीच पोरांना चुकीच्या जागी नेलं,' एवढ्यावर सही केली की केस मागं घेत्यात. नोकरी बी परत. आजच उत्तर पायजे म्हणले.

हरिओम : चुकीच्या जागी! सरकारचाच नकाशा होता माझ्या हातात. सहल नेली गं नुसती. आपल्या गावचा नवा पाझर तलाव बघा, म्हणून.

सुकन्या : अन् पोरं चपला काढून उभी ऱ्हायली. पाण्यात पाय बुडवायचे म्हणून.

हरिओम : 'गुरुजी, पाणी कुठंय?' कुणीतरी त्याचा व्हिडिओ केला आणि मी अफवा पसरवणारा झालो. गेली होतीस तिकडं?

सुकन्या : परवा. शेळ्या चरत होत्या. पाटी मातर नवी लावली. 'पोहण्यास सक्त मनाई.'

हवालदार : आरं तिच्या! पवायला मनाई?

हरिओम : हसू नका हवालदार, मीही हसेन. हसलो की मग जीव लागत नाही इथं.

सुकन्या : वाळलाव लई.

हरिओम : थकलोय. खरं सांगू? कधीकधी वाटतं, करून टाकावी सही. माझ्या सहीनं काही तलावात पाणी येणार नाही आणि सही नाही केली म्हणून कुणी तलाव खोदणार नाही. संध्याकाळी भिंतीपलीकडं यष्टीचा हॉर्न वाजतो. मुखेडची नसेलही ती. मला आपली तीच वाटते.

सुकन्या : मला बी. हॉर्न वाजला की रोज दारात येते मी.

हरिओम : सांग पुढचं. त्यानं काय केलं?

सुकन्या : त्याचं ऐकून तुमी ठरवणार?

हरिओम : ठरवीनही. दुसरं कुणाला विचारू इथं?

सुकन्या : ...करतो सही.

हवालदार : हात्तिच्या!

हरिओम : करतो? तो?

सुकन्या : हाव. लई येळ कागदाकडं बघतो. मग म्हणतो, पूल हाय म्हणता तर हाय. करतो अन् सुटतो.

हरिओम : मग?

सुकन्या : मग काय, घरी येतो. दिवस मावळायला यष्टीतनं उतरतो. हातात पिशवी. दाढी वाढलेली. ती चुलीपाशी भाकरी थापत असती. हात पिठाचे. कडी वाजती. ती तशीच उठती...

हरिओम : भाकरी? त्या देशात?

सुकन्या : भाकरीसारखं कायतरी. ती दार उघडती. तो म्हणतो, पाणी दे. ती तांब्या देती, अन् पिठाच्या हाताचे ठसे तांब्यावर...

हरिओम : सुकन्या. ती कोण?

सुकन्या : त्याची बायको.

हरिओम : त्याला बायको नाही. अर्धं पुस्तक मी वाचलंय. त्याला मांजर होतं, स्टेशनातल्या बाकाखाली बसणारं.

सुकन्या : ठाऊक हाय.

हरिओम : मग?

सुकन्या : मग काय मग! तुमच्या कपाटातली सात-आठ वाचली मी ह्या दिवसांत. समदे आपले एकटे. कुणाला मांजर, कुणाला कायबी न्हाई. घरी वाट बघणारं माणूस एकाच्या बी पुस्तकात न्हाई. लिवणाऱ्याला सोपं पडत आसल. म्हणून मीच बसवली एक, मांजराच्या जागी. मला तुमी घरी पायजेत. लई आठवण येती. बास.

हरिओम : ...खरं काय होतं त्याचं?

सुकन्या : सही करत न्हाई. शेवटच्या पानाला बी आतच हाय. लांबून गाडीचा आवाज येतो अन् तो भिंतीला कान लावतो, पुलाच्या अलीकडं थांबती का जाती ते ऐकायला.

हवालदार : थांबती का?

सुकन्या : लिवलं न्हाई. तिथंच संपतं.

हवालदार : ह्याला काय शेवट म्हणत्यात?

हरिओम : वकिलांना सांग, कागद परत न्या.

सुकन्या : सकाळीच सांगितलं.

हरिओम : मला न विचारता?

सुकन्या : तुमाला काय इचारायचं? उद्या पोरं म्हणली, गुरुजी, पाणी कुठंय, तर काय दाखवणार होताव? ती पाटी?

हरिओम : आणि आत्ता मी म्हणालो असतो, आण तो कागद?

सुकन्या : तर पळत जाऊन आणला असता. चप्पल बी घातली नसती.

हवालदार : ताई, टाइम झाला. म्हंजे मगाशीच झाला, मी बोललो न्हाई. चला आता.

हरिओम : थांबा हो जरा. सुकन्या, सगळं ठरवून आली होतीस, तर मग खोटं कशाला सांगितलंस?

सुकन्या : एकदा तोंडानं म्हणून बघायचं होतं. तुमी आलाव, अन् मी दार उघडलं.