कागदावरचा वाढदिवस

ठिकाण : सोंगगोक पोलीस ठाणे, गांगवॉन प्रांत
दिनांक : २१ मे १९९७, बुधवार, सकाळी १०.४०
जबाब देणार : ग्वाक मालसून, वय ५१, धंदा समुद्राचं शेवाळ सुकवून विकणे, राहणार गिजांग, बंदरामागची तिसरी गल्ली
मयत : बान सॉकहो, सैनिक, जबाब देणारीचा एकुलता मुलगा
मयताची जन्मतारीख : १४ मे १९७६ (खोडले, दुरुस्ती समासात)
जबाब लिहून घेणार : हवालदार नो

मी वर लिहिलेली बाई समक्ष हजर राहून सांगते की, माझ्या नवऱ्याची मासेमारीची होडी आहे आणि मी किनाऱ्यावर शेवाळ वाळवते. वाढदिवसाच्या सकाळी ज्याच्या त्याच्या घरी शेवाळाचं सूप होतं आणि आमच्या गल्लीत ते माझ्याच शेवाळाचं होतं. त्यामुळे कोण कधी जन्मलं हे मला तोंडपाठ आहे. हवालदार नो यांनी विचारलं, "आई, याचा केसशी काय संबंध?" मी म्हटलं, "लिहून ठेवा, पुढे लागेल."

तसंच त्यांनी मला आई म्हणू नये असं मी सांगितलं. गेल्या आठवडाभरात सैन्यातले सगळेच मला आई म्हणू लागले आहेत. कॅप्टन आई म्हणतो, मेजर आई म्हणतो, गेटवरचा पहारेकरी "आई, आत जाता येणार नाही" म्हणतो. मी एकाच पोराची आई आहे. हवालदारांनी मला मावशी म्हणायचं ठरलं.

दिनांक १५ मे रोजी दुपारी बाराच्या सुमारास लष्करी पोलिसांचे दोन जवान आमच्या घरी आले. आदल्या रात्रीच्या हजेरीला सॉकहो नव्हता, तो पळाला आहे, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी कपाट उघडलं, शेवाळाची खोली उपसली, मागच्या अंगणातल्या किमचीच्या मडक्यांची झाकणंही उचलून पाहिली. मी म्हटलं, "अरे, त्या मडक्यात मावला असता तर तुम्ही त्याला भरती तरी केला असतात का?" दोघंही लाजले. सकाळपासून उपाशी होते, म्हणून जेवायला वाढलं. जाताना एक जण म्हणाला, "आई, तो आला तर लगेच कळवा." मी म्हटलं, "आला तर आधी त्याचा कान पिळीन. मग तुम्हाला द्यायचा की नाही ते बघू."

पुढचे दोन दिवस मी मुलाला मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या. बापाचं नाक कापलंस म्हटलं. तेव्हा तो पाण्यात होता. हे मला कुठेतरी बोलून टाकायचं होतं. हवालदार म्हणाले, हे लिहायची गरज नाही. मी म्हटलं, लिहा.

दिनांक १७ रोजी फोन आला की छावणीच्या कुंपणाबाहेरच्या तलावात सॉकहोचं प्रेत सापडलं. दिनांक १८ रोजी आम्ही नवरा-बायको छावणीत पोहोचलो. आम्हाला एका मोठ्या खोलीत बसवून चहा दिला. मेजर ताक यांनी भिंतीवरच्या मोठ्या नकाशावर छडी टेकवून मुलगा कसा गेला ते समजावलं. बराकीपासून भटारखान्याच्या मागून कुंपणापर्यंत आणि तिथून तलावापर्यंत लाल बाण काढलेले होते. बाण इतके सरळ होते की मी मेजरसाहेबांना सांगितलं, माझा मुलगा शाळेतूनसुद्धा कधी इतका सरळ घरी आला नाही. ते हसले नाहीत. हसण्यासारखं नव्हतंच, पण मला काहीतरी बोलायचं होतं, नाहीतर मी तिथेच कोसळले असते.

मी विचारलं, कुंपण दोन माणसं उंच आहे, मग तो पलीकडे गेला कसा? मेजर म्हणाले, चौकशी चालू आहे. मी विचारलं, रात्री हजेरीला नव्हता, तर शोध सकाळी का सुरू झाला? म्हणाले, चौकशी चालू आहे. मी विचारलं, मग काय ठरलं? म्हणाले, "त्यानं स्वतः जीव दिला, असा निष्कर्ष निघाला आहे." मी म्हटलं, "साहेब, चौकशी चालू असताना निष्कर्ष निघाला? आमच्याकडे भात शिजायच्या आधी ताट वाढत नाहीत." ते म्हणाले, "आई, चहा गार होतोय."

तलावाबद्दल सांगते की, मी तिथे स्वतः जाऊन आले. लावणीचे दिवस आहेत, पाणी शेतांना सोडलेलं आहे. पाणी सोडणाऱ्या म्हाताऱ्याने मला बांबू दिला, तो मी बुडवून पाहिला. पाणी माझ्या छातीपर्यंत भरलं आणि सॉकहो माझ्यापेक्षा दीड वीत उंच. पाचव्या वर्षापासून तो बंदराच्या धक्क्यावरून दर्यात उड्या मारायचा. त्याला पाण्याबाहेर काढायलाच मला काठी लागायची.

यानंतर मेजर ताक यांनी एक चिठ्ठी दाखवली. ती सॉकहोच्या कपाटात सापडली म्हणाले. कचेरीतल्या यंत्रावर छापलेली होती, हाताने एक अक्षर नव्हतं. तीत असं होतं : "आई, आज १४ मे, माझा वाढदिवस. आजच्या दिवशीही तुझ्या हातचं सूप मिळालं नाही. मी थकलो आहे. मला माफ कर." मेजर म्हणाले, "वाढदिवसाला घरची आठवण येते, आई. कोवळी मुलं असतात." माझ्या नवऱ्याने चिठ्ठी एकदा वाचली आणि तो उठून बाहेर गेला. मी तीनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना माझं रडणं थांबलं.

कारण, १४ मे हा माझ्या मुलाचा वाढदिवस नाही.

सॉकहो चांद्र वर्षाच्या पहिल्या महिन्याच्या पाचव्या दिवशी जन्मला, नवीन वर्षाचे पाहुणे अजून घरात असताना. बाहेर हिमवर्षाव होता. माझ्या सासऱ्यांची दोन पोरं तान्ही असतानाच गेलेली, त्यामुळे शंभर दिवस जगल्याशिवाय नातवाचं नाव सरकारदरबारी लावायचं नाही, असा त्यांचा हट्ट. शंभराव्या दिवशी तांदळाचे केक वाटले आणि दुसऱ्या दिवशी सासरे कचेरीत गेले. उशिरा नोंदीला दंड होता, तेव्हा त्यांनी कारकुनाला सांगितलं, "आज पहाटेच झालाय." कारकुनाने तारीख टाकली १४ मे. म्हणजे सरकारी कागदावर माझा मुलगा शंभर दिवसांचा होऊन जन्माला आला. घरात यावरून त्याला सगळे चिडवायचे की, तू जन्मतःच मान धरत होतास. १४ मेला आमच्या घरी आजवर साधं अंडंही उकडलेलं नाही.

हे मी आता रचून सांगते आहे, असं मेजरसाहेबांना वाटू नये, म्हणून पुरावा देते. सोबत मुलाचं गेल्या वर्षी मे महिन्यातलं पत्र जोडलं आहे, त्याच्या हातचं. त्यात तो लिहितो : "आई, आज सैन्यानं मला पुन्हा एकदा जन्माला घातलं. कागद बघून केक आणला, सगळ्यांनी गाणं म्हटलं. फुकटचा केक म्हणून मी गप्प बसलो. कुणाला सांगू नकोस हं, नाहीतर पुढच्या वर्षी मिळायचा नाही. आजोबांना माझ्यातर्फे धन्यवाद." मी खरंच कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर चिठ्ठी लिहिणाऱ्याला खरी तारीख कळली असती.

या वर्षीचा खरा वाढदिवस फेब्रुवारीत झाला. त्या दिवशी मी बसने बारा तास प्रवास करून थर्मासमध्ये सूप नेलं होतं. भेटीच्या खोलीत बसून त्याने अडीच वाट्या प्यायल्या आणि म्हणाला, "आई, मीठ कमी आहे." मीठ बरोबर होतं. छावणीच्या भेटीच्या वहीत माझी वेळ आणि सही आहे, ती पाहावी. त्यामुळे सूप मिळालं नाही हेही खोटं.

हवालदार नो म्हणाले, "मावशी, सगळं पटतंय. पण सैनिक मेला की केस सैन्याची. आमचा हात पोचत नाही." त्यावर आमच्यात खालील बोलणं झालं, ते मी जसंच्या तसं लिहायला लावलं.
"तलाव कुणाचा?"
"गावाचा."
"पाणी?"
"शेतकी खात्याचं."
"आणि मुलगा माझा. मग त्यात सैन्याचं काय होतं?"
"मावशी, कपडे आणि बूट."
"मग कपडे आणि बूट त्यांना देऊन टाका."

हवालदार पुन्हा म्हणाले की, कागदावर तारीख चौदाच आहे, आणि कागदापुढे तोंडी बोलणं टिकत नाही. मी त्यांना सहज विचारलं, "तुमचा वाढदिवस कधी असतो?" ते लिहिता लिहिता बोलून गेले, "कागदावरचा की खरा?"

मग त्यांनी पेन खाली ठेवलं. नंतर त्यांनी सांगितलं की, त्यांची आई अजून चंद्राचं कॅलेंडर बघून फोन करते आणि ठाण्यात दरवर्षी भलत्याच दिवशी केक कापतात. तो केक ते मुकाट्याने खातात.

माझं म्हणणं असं की, ती चिठ्ठी माझ्या मुलाची नाही. जो माणूस त्याला फक्त कागदावरून ओळखत होता, त्याची ती आहे. मेजर ताक यांनी प्रेत ताब्यात घेण्याच्या कागदावर शुक्रवारी दुपारी बारापर्यंत सहीच्या जागी माझ्या नावाचा शिक्का मागितला आहे. त्यात "स्वतः जीव दिला, आमची तक्रार नाही" असं छापलेलं आहे. शिक्का दिला की त्याच दिवशी दहन होईल आणि मग विचारायला काही उरणार नाही. सही-शिक्का केला नाही, तर मुलगा सैन्याच्या थंड पेटीत राहील. त्याला थंडी सोसत नाही, हे मला माहीत आहे. तरी मी शिक्का देणार नाही. सैन्याबाहेरच्या डॉक्टरने तपासल्याशिवाय दहन होऊ नये, ती चिठ्ठी कुणी छापली हे शोधावं आणि या जबाबाची प्रत वरच्या साहेबांकडे आजच पाठवावी, अशी माझी मागणी आहे.

माझा नवरा ठाण्याच्या बाहेर बाकावर बसला आहे. त्यालाही हे सगळं माहीत आहे, पण तो बोलत नाही. त्याला जबाबासाठी बोलावू नये. त्याने फक्त मला इथवर आणून सोडलं आणि म्हणाला, "तूच सांग. तुझ्यापुढे कुणाचं चालत नाही."

हवालदार नो यांनी हा सगळा कागद मला पहिल्यापासून मोठ्याने वाचून दाखवला. मी ऐकला. वरच्या चौकटीत त्यांनी ओळखपत्र बघून मयताची जन्मतारीख १४ मे लिहिली होती. मी म्हटलं, "बघा, तुम्हीही तेच केलंत." हवालदार लाल झाले. ते म्हणाले, सरकारी नोंदीशी जुळायला हवं. मग म्हणाले, जाऊ दे. त्यांनी पट्टी लावून ती ओळ खोडली आणि समासात लिहिलं : "एक ओळ कमी केली, एक ओळ वाढवली. मयताची खरी जन्मतारीख, चांद्र पहिल्या महिन्याचा पाचवा दिवस." दुरुस्तीवर माझा शिक्का लागतो म्हणाले.

शिक्का मी पिशवीत मेजरसाहेबांसाठी आणला होता. तो काढून इथे उमटवला. बाकी सगळं मी बोलले तसंच उतरलं आहे, माझ्या मुलाला मीठ कमी वाटलं तेसुद्धा. एकवीस वर्षांत सरकारच्या कागदावर त्याचा वाढदिवस आज पहिल्यांदा बरोबर लागला.

ग्वाक मालसून (शिक्का)
समक्ष : हवालदार नो