दुपारी फिरणारा मीटर

आमच्या नळाची गंमत सांगायची राहिलीच. पाण्याचं बिल दुप्पट आलं, तसे आबा म्हणाले, "लढाईच्या महागाईत हे परवडायचं न्हाई. नळ काढून टाकू. पोरगी आणंल सकाळी नदीवरनं पाणी." म्हणजे माझी शाळा बंद! पाणी कुठं जातं ते शोधायचंच, असं मी ठरवलं.

रविवारी भर दुपारी मीटर फिरताना दिसला. परसात गेले, तर आई जनावरांच्या डोणीत नळ सोडून उभी आणि मेंढरांचा कळप पाणी पितोय! मागून आबाही आले.

"आगं, कुणाची मेंढरं ही?"

"माज्या माहेरची, आटपाडीची. शेजारच्या रानात खतासाठी बसवल्यात. तहानलेली ठिवू व्हय?"

"पर हितं पाणी मोजून मिळतं!"

कळपामागं काठी टेकून उभे असलेले म्हातारे धनगरबाबा चकित झाले. "आवं पावणं, आमच्याकडं पाणीच न्हाई, पर हाय ते कुणी मोजत न्हाई!"

आबांना हसू आवरेना. नळ राहिला, माझी शाळाही राहिली. मेंढरं आता नदीवर जातात. धनगरबाबा मात्र रोज आमच्याच नळाचं तांब्याभर पाणी पितात आणि मला विचारतात, "पोरी, माजं किती मोजलं गं?"