रोबोटचं माप

(हॉस्पिटलमधली सरावाची खोली. एका हाताचा रोबोट, समोर टेबलावर प्लॅस्टिकचा पाठीचा कणा.)

टेलर मास्तर : आधी याला म्हणावं, सुई ओवून दाखव. मग माझ्या पाठीला हात लाव.

डॉक्टर : मास्तर, रोबोट सुई ओवत नाही.

मास्तर : झालं! सुई ओवता न येणाऱ्याला मी चाळीस वर्षांत दुकानाची पायरी चढू दिली नाही. आणि हा माझा मणका शिवणार?

बायको : अहो, शिवणार नाहीत. स्क्रू बसवणार आहेत.

डॉक्टर : चार स्क्रू. कमरेतला मणका पुढे सरकलाय, त्यानं पायाची नस दाबली जातेय. रोबोट फक्त नळी धरून ठेवतो, इथून, या कोनात. त्या नळीतून भोक मी पाडते, स्क्रू मी पिळते.

मास्तर : म्हणजे हा नुसता बोट दाखवणार. असला एक मेहुणा आहे मला.

बायको : माझ्या भावाला मध्ये आणायचं काही कारण नाही.

डॉक्टर : पण याचं बोट थरथरत नाही. तुमच्या स्कॅनवर आम्ही आधीच सगळं आखून ठेवतो. चीर लहान, रक्त कमी जातं, स्क्रू बहुतेक वेळा नेमका बसतो.

मास्तर : बहुतेक वेळा. आणि उरलेल्या वेळा?

डॉक्टर : तेही सांगते. हाडाला एक खूण बसवलेली असते, तिच्यावरून हा जागा ओळखतो. ती कुणाच्या धक्क्यानं हलली, तर हा तितक्याच ऐटीत चुकीची जागा दाखवतो.

मास्तर : आखलं एकीकडं, कापड सरकलं दुसरीकडं.

डॉक्टर : अगदी तेच. म्हणून मी मध्ये मध्ये एक्स-रे काढून बघते. नाही पटलं तर याला बाजूला सारते आणि हातानं करते. तरी नसेला इजा, जंतुसंसर्ग, हे धोके राहतातच.

मास्तर : बाजूला सारलं तर याला राग नाही येत?

डॉक्टर : अजून तरी नाही.

मास्तर : मेहुण्याला येतो. बरं, पण हे अंगात काय घातलंय यानं?

डॉक्टर : ते निर्जंतुक आवरण आहे.

मास्तर : खांदा उतरलाय, कोपरात हा एवढा झोळ! असल्या अवतारात ऑपरेशनला उभा राहतो? अगं, टेप दे.

बायको : अहो, काहीतरीच काय!

मास्तर : हात वर कर रे. डॉक्टर, जरा सांगा की याला.

डॉक्टर : करते वर. पण तुम्ही शिवलेलं मी वापरणार नाही हं.

मास्तर : शहाणा आहे. छाती नाहीच म्हणा. बाही बेचाळीस. वा! मापाला इतकं गप्प उभं राहिलेलं गिऱ्हाईक आजवर पाहिलं नाही.

डॉक्टर : मास्तर, तुम्ही डावा पाय ओढताय.

मास्तर : चप्पल ढिली आहे.

डॉक्टर : चप्पल तिकडे दाराशी राहिलीय. पायातून निघाली ते तुम्हाला कळलंही नाही.

बायको : सांगा आता. सांगा ना!

डॉक्टर : मग शिलाई मशीन कसं चालवता?

मास्तर : चालतं.

बायको : मी चालवते. टेबलाखाली बसून, दोन्ही हातांनी पायडल दाबते. वरून हे ओरडतात, चल, थांब, हळू. गिऱ्हाइकांना वाटतं, मास्तर मशीनशी बोलतात.

डॉक्टर : किती दिवस?

बायको : नऊ आठवडे. परवा एक बाई दीड तास गप्पा मारत बसली. मला खाली शिंक आली, तर यांनी वर नाक पुसलं.

मास्तर : वेळ मात्र बरोबर साधली होती.

डॉक्टर : अहो, मोटर लावायची ना!

मास्तर : मोटरचा वेग माझ्या हाताला जमत नाही.

बायको : माझा जमतो.

डॉक्टर : मास्तर, चालढकल केलीत तर नस आणखी दुबळी होईल. ऑपरेशननं पुढचं नुकसान बहुधा थांबेल. गेलेली जाणीव किती परत येईल, ते मी सांगू शकत नाही. हा तर नाहीच नाही.

मास्तर : आणि उठलोच नाही तर? त्यापेक्षा आहे ते बरं चाललंय.

बायको : कुणाचं?

मास्तर : अगं...

बायको : कुणाचं बरं चाललंय? पंखा वर आहे. नऊ आठवडे मी लोकांचे घोटे तेवढे बघतेय. तुम्हाला भीती वाटते, मला नाही वाटत? तुम्ही दुकान बंद करून घरात बसलेले मला बघवलं नसतं, म्हणून शिरले त्या टेबलाखाली. आता माझ्याच्यानं वाकवत नाही हो.

मास्तर : बोलली नाहीस कधी.

बायको : चल आणि थांब याशिवाय विचारलंत काही?

मास्तर : डॉक्टर, कुठाय तो संमतीचा कागद? सही करतो. आणि याचा हात खाली घ्या आधी. अवघडला असेल.

डॉक्टर : त्याला काही होत नाही, मास्तर.

मास्तर : त्याला नसेल होत. अगं, तू बस बघू त्या खुर्चीत. पाठ टेकून बस.