चार अक्षरांची वाट

मुरबाडच्या एसटी स्टँडवर धसईची गाडी लागायची होती. भाजी विकून मोकळी झालेली सुंदरा पाटी मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी कल्याणची भावंडं, विपुल आणि मिताली, चढाईचे दोर घेऊन बसली होती. चढाईतले शब्द आणि कड्यांवरच्या वाटांची नावं ती एकमेकांना कोड्यात घालत होती.

"दोन अक्षरं. उलटी वाचली की पत्र आणतात."

"डाक. म्हणजे कडा. सोपं होतं, दादा. आता माझं. चार अक्षरं. पहिली दोन म्हणतात कोसळ, शेवटची दोन म्हणतात फिर."

"हरलो."

"पडवळ गो!" सुंदराला राहवलं नाही. "पड नि वळ."

"बरोबर, मावशी!"

"पण मितू, या नावाची वाट कुठाय?"

"धसईकडच्या कड्यावर. गेल्या वर्षी तू पडलास ना, तीच."

"तिला कुठं नाव होतं? जो पहिला वर पोचेल, तो नाव ठेवणार."

"हो."

"मग कोण पोचलं?"

मिताली बुटाची नाडी सोडून परत बांधू लागली.

"मितू, तू?"

"गेल्या रविवारी."

"आणि मला बोलली नाहीस?"

"कशी बोलणार? चढायला तूच शिकवलंस."

"मी पडलो नि मागं वळलो, म्हणून हे नाव?"

"नाही रे. तू सरळ वर गेलास. वाट तू पडलास तिथंच डावीकडं वळते."

विपुलनं दोर खांद्यावर घेतला. तेवढ्यात गाडी लागली. दारात मिताली थांबली.

"दादा, तू हो पुढं."

"नको, तू चढ. उद्या कड्यावरपण तूच पुढं. मी खालून दोर धरतो."